गिरणीतलं बोलणं

गिरणी सुरू असताना जो तोंडाने बोलायला जातो तो नवखा, असं खुशाल समजावं. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच हाताने सांगतात. अंगठ्यावर बोट घासलं की बारीक दळ. मूठ उघडून मिटली की भरड. तळहात आडवा हलवला की घाई नाही, सावकाश नेईन. गावातल्या निम्म्या बायकांना ही भाषा येते आणि त्या ती एरवीही वापरतात, सासू शेजारी बसलेली असली म्हणजे विशेष.

अपवाद एकट्या शिंपीणबाईचा. गिरणीच्या समोरच तिचा ओटा आणि ओट्यावर शिलाईचं मशीन. दळण घेऊन आली की ती हातानेही बोलायची आणि तोंडानेही, आणि समोरच्याला ऐकू येतंय की नाही याची तिने कधी फिकीर केली नाही.

गिरणीवाला उंच आणि काटकुळा. पिठाने भुवया पांढऱ्या झालेल्या, त्यामुळे वयापेक्षा म्हातारा दिसायचा. आंघोळ करून आला की लोक क्षणभर ओळखायचे नाहीत. गिरणीच्या मागच्या खोलीत त्याचं घर. मध्ये पोत्यांचा शिवलेला पडदा. बायको तापाने गेली तेव्हा पोर नुकती चालायला लागली होती. तिला कुणाकडे ठेवणार? पोत्यांच्या थप्पीवर एक मऊ पोतं अंथरून त्याने तिला तिथे बसवलं, आणि ती तिथेच वाढली. सगळ्या अंगावर पीठ, म्हणून गावाने तिला पिठी म्हणायला सुरुवात केली. बापानेही मग तेच नाव धरलं.

ज्या उस्तादाच्या हाताखाली तो हे काम शिकला, तो उस्ताद शेवटी ठार बहिरा झाला होता. शेजारी भांडं पडलं तरी मान वळवायचा नाही. ते गिरणीवाल्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पोरीच्या बाबतीत तो पहिल्या दिवसापासून सावध. जुन्या गादीच्या फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस ओढायचा, बोटांत वळून त्याचा बारीक बोळा करायचा, तेलात टेकवायचा आणि तिच्या कानात नीट बसवायचा. दोन कानांत दोन. शाळेला जाताना ते काढायचे, आली की पुन्हा घालायचे आणि संध्याकाळी मोटार बंद झाली की काढून टाकायचे. सकाळी वेणी घालावी तसं हे रोजचं काम. वेणी त्याला कधीच जमली नाही, बोळे मात्र झकास जमायचे.

स्वतःच्या कानात त्याने कधी कापूस घातला नाही. दगड रिकामे फिरायला लागले किंवा पट्टा सरकला की आवाज बदलतो, तो ऐकायला गिरणीवाल्याचे कान उघडे लागतात, असं तो सांगायचा. अलीकडे पट्टा सरकलेला त्याला पायाच्या तळव्यांना कळायचा, कानांना नाही. पण हा फरक त्याच्या ध्यानात आला नव्हता.

बापलेकीचं बोलणं बघत राहावं असं होतं. तो गिरणीच्या तोंडात धान्य ओतत असायचा, ती पलीकडे पिठाच्या डब्याजवळ उकिडवी बसलेली. त्याने भुवई उचलली की ती डबा बदलायची. तिने गाल फुगवले की आत कोंडा जास्त येतोय. भूक लागली, पाणी दे, ती बाई बघ किती नटलीय, हिचं धान्य ओलं आहे, दळू नकोस, सगळं हातांनी आणि तोंडाच्या हालचालींनी. ओट्यावर बसलेल्या दोन बायका काय कुजबुजताहेत ते पिठी रस्त्याच्या अलीकडून सांगायची. शिंपीणबाई म्हणायची, "तुमच्या पोरीसमोर बोलायची सोय नाही बाई. ओठांवरून चोरते." गिरणीवाल्याला याचा फार अभिमान.

सुगी उरकली आणि गिरणीवर रीघ लागली. दिवसा लाईट येणार की रात्री, याचा नेम नाही. आली की दळायचं, गेली की दारात बसायचं. त्यात नाक्यावर नवी गिरणी झालेली, दोन मोटारींची. इथे जरा उशीर झाला की बायका डबे उचलून तिकडे चालायला लागत. त्या दिवसांत गिरणीवाल्याला जेवायलाही फुरसत नव्हती, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेत मुलांच्या तपासणीची गाडी आली.

शाळेच्या ओसरीवर मुलांची रांग लावली होती. एक नर्सबाई नखं बघत होती, केस बघत होती. पेन्सिलीच्या टोकाने भांग पाडायची, उवा असल्या की तोंड वाकडं करायची आणि पुढे ढकलायची. पिठीचे केस उघडले आणि ती थबकली.

"हे काय? एवढा कोंडा?"

"पीठ आहे, पीठ!" सगळी रांग एका सुरात ओरडली.

नर्सबाईला हसू आलं. पुढे डोळ्यांचा तक्ता होता. पिठीने शेवटची बारकी ओळसुद्धा घडाघडा वाचली. दातांत दोन किडलेले निघाले. मग कान.

डॉक्टर वयस्क, जाडजूड, दमलेला. मुलाच्या मागे उभं राहायचा, एक कान हाताने झाकायचा आणि दुसऱ्या कानाशी हळूच शब्द म्हणायचा. मुलाने तो परत म्हणायचा. मुलांना हा खेळ फार आवडला होता. घोडा म्हटलं की घोडा, खिडकी म्हटलं की खिडकी.

पिठी उभी राहिली. डॉक्टर मागून म्हणाला, "घोडा."

पिठी समोर बघत होती.

"घोडा," तो जरा मोठ्याने म्हणाला.

रांगेतली पोरं खुसखुसायला लागली. पिठीने त्यांची हसणारी तोंडं पाहिली. काहीतरी गंमत चालली असणार असं वाटून तीही हसली. मग पोरं आणखीच हसली.

"डॉक्टर, ती हट्टी आहे हो," शाळेच्या बाई पुढे होऊन म्हणाल्या. "हाक मारली तर ओ देत नाही. मी तिला कितीदा उभं केलंय. उंच आहे म्हणून मागे बसवते, तर मागे बसून नुसती माझ्या तोंडाकडे बघते. मी फळ्याकडे वळले की हिचं लिहिणं बंद."

डॉक्टरने बाईंकडे एकदा पाहिलं आणि कपाळावरचा दिवा लावला. पण कानाला बोट लागताच पिठी कळवळली आणि तिने त्याचा हात झटकून टाकला. पुन्हा प्रयत्न केला तर चावायला धावली.

"उद्याही आम्ही इथेच आहोत," डॉक्टर म्हणाला. "हिच्या वडिलांना बोलवा."

शिपाई पिठीला घेऊन गिरणीवर आला तेव्हा लाईट होती, गिरणी रोंरावत होती आणि दारात बायका उभ्या. शिपाई गिरणीतल्या बोलण्यात कच्चा. तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. आवाज कुणापर्यंत पोचला नाही, पण तिथली प्रत्येक बाई तोंडाकडे बघून वाचणारी. त्यामुळे "तुमच्या पोरीला ऐकू येत नाही" हे गिरणीवाल्याला आणि रांगेतल्या सगळ्यांना एकदमच कळलं.

गिरणीवाला हसला. त्याने पिठीकडे बघून भुवया उडवल्या. पिठीने ओठ काढून, पोट पुढे करून, डोळे अर्धवट मिटून डॉक्टर करून दाखवला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शिपाई आपला खांदे उडवून निघून गेला. पण जाताना त्याने सांगितलेलं डोक्यात राहिलंच: उद्या सकाळी, शाळेत, आठवणीने.

दिवस कलला, लाईट गेली, मोटार थांबली. बोळे काढून टाकून पिठी चुलीपुढे बसली. गिरणीवाला तिच्यासमोर बसला.

"शाळेत काय झालं गं?"

"घोडा म्हणायचं होतं. मला कुणी सांगितलंच नाही."

"मग तू काय केलंस?"

"सगळे हसले म्हणून मी हसले."

"तुला ऐकू येतं ना?"

"येतं की. आता नाही का येत?"

झालं. गिरणीवाल्याला एवढं पुरे होतं. पण तेवढ्यात शाळेच्या बाईच दारात आल्या. हातात दळणाचा डबा नव्हता, तेव्हाच त्याने ओळखलं की हे शाळेचंच. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना थोडक्यात बोलता यायचं नाही. तपासणी, सरकार, मुलीचं भवितव्य, असं सगळं झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या.

"शहरात अशा मुलांची शाळा असते. राहायची, जेवायची सोय. तिथे घालायचं. सुट्टीत घरी येईल."

"अशा मुलांची म्हणजे?"

"ज्यांना ऐकू येत नाही अशा."

"हिला येतं."

"डॉक्टर ठरवतील ते. मी आपलं तुमच्या कानावर घातलं."

बाई गेल्या. पोरीने ताट वाढलं, ते त्याने बाजूला सारलं. सुट्टीत घरी येईल. म्हणजे बाकीचे सगळे दिवस या खोलीत तो आणि पोत्यांचा पडदा. बायको गेली तेव्हा लोकांनी समजूत घातली होती की पोर आहे, तिच्याकडे बघ. तो खरंच तिच्याकडे बघत बघत इथवर आला होता. दिवसभरात डोळे उचलले की समोर ती दिसायची, त्यावर त्याचं चाललं होतं. तिला नेली तर डोळे उचलून बघायचं कुठे, हे त्याला कळेना. त्याला भीती वाटली आणि भीतीने राग आला.

"काय काय म्हणाला डॉक्टर? आठव नीट."

"मला काय माहीत? पोरं म्हणत होती, आधी घोडा. मग खिडकी."

"मग झालं तर! तो मागे उभा राहिला की म्हणायचं घोडा. मग खिडकी. म्हण."

"घोडा. खिडकी."

"मागे उभा राहतो मी. खांद्यावर हात ठेवला की सुरू कर."

बराच वेळ त्यांनी तालीम केली. तो मागे उभा राहायचा, खांद्यावर हात ठेवायचा, ती म्हणायची घोडा; मग दुसऱ्यांदा हात, ती म्हणायची खिडकी. एकदाही चुकली नाही. हुशार पोर. गिरणीवाल्याच्या जिवात जीव आला आणि मग तो जेवला.

सकाळी उठून बघतो तर लाईट होती. दारात डब्यांची रांग लागलेली. त्याने बायकांपुढे हात जोडले आणि कुलूप लावलं.

"अहो, असं काय करता? लाईट आहे तोवर दळा की," एक म्हणाली.

"शाळेत जाऊन येतो."

"या वयात?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. दोघीतिघींनी डबे उचलून नाक्याची वाट धरली. शिंपीणबाईने आपल्या ओट्यावरून ओरडून बाकीच्यांना थांबवलं, निदान तिला तसं वाटलं.

गिरणीवाल्याने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. तरी ओसरीवर पाऊल ठेवलं तर फरशीवर पांढरे ठसे उमटले. नर्सबाईने ठशांकडे पाहिलं. तो पाय आखडून उभा राहिला. बसायला दिलेला बाक लहान मुलांचा, त्यावर बसला तर गुडघे छातीशी आले. वर्गांच्या खिडक्यांतून पोरं बघत होती. शाळेच्या बाई डॉक्टरशेजारी उभ्या.

"चला," डॉक्टर म्हणाला आणि पिठीच्या मागे गेला. तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. हळूच म्हणाला, "पाऊस."

"घोडा," पिठी खणखणीत म्हणाली.

डॉक्टर जरा थांबला. पुन्हा म्हणाला, "दोरी."

"खिडकी," पिठी म्हणाली आणि बापाकडे बघून हसली.

खिडक्यांत एकच हशा उसळला. बाईंनी पदराने तोंड झाकलं. गिरणीवाल्याला डॉक्टरचे शब्द ऐकू आले नव्हते. डॉक्टर मागे वाकून बोलला होता, त्यामुळे ओठही दिसले नव्हते. पण हशा कसला ते त्याला कळलं. तो कानांपर्यंत लाल झाला. पोर मात्र अजून हसतच होती, शाबासकीची वाट बघत.

डॉक्टर हसला नाही. तो गिरणीवाल्याला म्हणाला, "तुम्ही तिच्या मागे उभे राहा आणि हाक मारा."

गिरणीवाला उठला, मागे गेला आणि गिरणीत मारतो तशी त्याने हाक मारली. "पिठे!"

ओसरी दणाणली. नर्सबाईच्या हातातली वाटी पडली. पिठी वळली.

"बघा!" गिरणीवाला म्हणाला. "येतं की नाही ऐकू?"

"आता हळू. घरात बोलता तसं."

"घरात असंच बोलतो."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने खोकल्यासारखा तोंडासमोर हात धरला आणि हातामागून काहीतरी विचारलं.

"काय?" गिरणीवाला म्हणाला.

डॉक्टरने हात काढला. "काही नाही. तुमचं नंतर बघू. आधी हिला मांडीवर घ्या आणि डोकं घट्ट धरा. दुखेल तिला."

गिरणीवाल्याने बाकावर बसून पोरीला मांडीवर घेतलं. ती आता मोठी झाली होती, पाय जमिनीला लागत होते. त्याने तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. डॉक्टरने दिवा लावला, कान मागे ओढला आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नर्सबाईकडे हात केला, तिने बारीक चिमटा दिला.

पिठी किंचाळली. गिरणीवाल्याने डोळे मिटून घेतले. ती लाथा झाडत होती, त्याच्या दंडाला चावत होती, आणि तो तिच्या केसांत तोंड घालून पुटपुटत होता की झालं, झालं. त्याने डोळे उघडले तेव्हा डॉक्टरने चिमटा त्याच्या डोळ्यांसमोर धरलेला होता. चिमट्यात काळपट, चिकट, घाण वास येणारा एक गोळा. डॉक्टरने तो वाटीत टाकला आणि पुन्हा आत गेला. त्याच्या आत आणखी एक होता. त्याच्याही आत बारीकसं काहीतरी. मग दुसरा कान.

नर्सबाईने वाटीत औषध ओतलं. गोळे भिजून सुटे झाले, आणि काळ्या मळातून पांढरे तंतू वर आले.

"कापूस आहे हा," डॉक्टर म्हणाला. "किती दिवसांचा कोण जाणे. आत आत ढकलला गेलाय. त्याने कान पिकलाय. हिच्या कानात कापूस घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

गिरणीवाल्याने वाटीकडे पाहिलं. बाहेरचा बोळा तो रोज काढत होता. गादीचा जुना, कुसका कापूस तुटून आत राहत होता आणि सकाळी त्याच्यावर तो नवा बसवत होता. नीट, दाबून, तेल लावून. आवाज आत जाऊ नये म्हणून.

"मी," तो म्हणाला.

शाळेच्या बाईंनी मान वळवली. कुणीतरी रागावलं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं, आणि मांडीवर पोर असल्यामुळे नुसतं उठून जाताही येईना.

पिठी रडायची थांबली होती. ती मान ताठ करून बसली होती, आणि तिचे डोळे इकडून तिकडे फिरत होते. नर्सबाईने बाक सरकवला तर ती दचकली. खिडकीत एक पोरगा शिंकला तर तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. डॉक्टर तिच्या मागे गेला.

"पाऊस," तो हळूच म्हणाला.

"पाऊस," पिठी म्हणाली. मागे बघितलं. "तू म्हणालास?"

गिरणीवाल्याला हुंदका आला. त्याने पोरीला पोटाशी आवळलं. "पिठे! ऐकू आलं तुला? ऐकू आलं?"

पिठीने दोन्ही हात कानांवर दाबले.

"बाबा," ती म्हणाली, "तू किती ओरडतोस!"

पोरं पुन्हा हसली. या वेळी पिठी त्यांच्याबरोबर हसली ती सगळं समजून.

डॉक्टरने औषधाची बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ थेंब. कान कोरडे ठेवायचे. एका कानाचा पडदा जरा फाटलाय, तो भरून येईल. शहरातल्या शाळेचं काही कारण नाही, हिला आपलं पुढच्या बाकावर बसवा. आणि गिरणी चालू असताना हिने तिथे पाऊल टाकायचं नाही, कापूस घालूनही नाही आणि न घालताही नाही. बाई मान हलवत होत्या. मग डॉक्टरने गिरणीवाल्याचे कान बघितले, एक टिकटिकणारं वाटोळं घड्याळ मागून जवळ आणलं, लांब नेलं, आणि समोर येऊन नीट तोंड दाखवत बोलला.

"तुमच्या कानांत काहीच नाही. काढण्यासारखं काही असतं तर बरं झालं असतं. ऐकणंच गेलंय बरंचसं. मोठ्या दवाखान्यात जा, यंत्र मिळतं."

"माझं काही नाही हो," गिरणीवाला म्हणाला. "माझं काम चालतं."

वाटेने तो हलका झाला होता. पोर घरीच राहणार. जन्मात कधी मागितलं नव्हतं ते मिळाल्यासारखा तो भरभर चालत होता. पिठी मात्र मागे मागे राहत होती. कुणाच्या घरात भांडी वाजली की थांबायची. पंपाच्या आवाजाला थांबायची. स्वतःच्या चपलांच्या आवाजालाही एकदा थांबली.

दुसऱ्या दिवसापासून पिठी शिंपीणबाईच्या ओट्यावर. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. शिंपीणबाईला उभ्या आयुष्यात असं माणूस मिळालं नव्हतं. बोलावं तेवढं पोर ऐकायची, वर विचारायची, मग? पुढे? शिंपीणबाई काजं-बटणं तिच्याकडे द्यायची आणि मशीन मारत सगळ्या गावाची उणीदुणी सांगायची. गल्लीतल्या पोरीही तिथे जमायला लागल्या. गिरणीच्या दारातून त्या दिसायच्या, खाली मान घालून, बोटं चालवत, आणि मध्येच सगळ्या एकदम हसायच्या.

सुरुवातीला गिरणीवाला धान्य ओतता ओतता सवयीने भुवई उचलायचा. पिठाच्या डब्याजवळ कुणी नसायचं. मग तो स्वतःच पलीकडे जाऊन डबा बदलायचा. तेवढ्यात इकडे दगड रिकामे फिरायचे. दोनदा पीठ जळकट झालं, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. नाक्यावरच्या गिरणीने आणखी काही डबे ओढले. त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखं काय होतं? पोर बरी झाली होती.

थेंब घालायचं काम मात्र त्याने शिंपीणबाईला दिलं. "तुमचा हात हलका आहे," तो म्हणाला. पण खरं म्हणजे पोरीच्या कानाला हात लावायची त्याला भीती वाटायची.

संध्याकाळी दोघं जेवायला बसत. पिठी आता जेवताना बोलायची. ताटात बघून घास कालवत, तोंडात घास असताना, पाणी घ्यायला पाठ वळवून, कशीही बोलायची. पूर्वी ती आधी त्याच्या डोळ्यांत बघायची आणि मग बोलायची. आता बघायची गरजच नव्हती. गिरणीवाल्याला मधला मधला एखादा शब्द लागायचा, बाई, पहिला बाक, बटण. तो म्हणायचा, "हं." तिने मान वर करून पाहिलं तर हसायचा. एकदा तिने काहीतरी विचारलं आणि तो "हं" म्हणाला, तर ती रडायलाच लागली. काय विचारलं होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि परत विचारायची लाज वाटली.

एकदा त्याने हाताने सांगून पाहिलं. चुलीपलीकडून दोन बोटं हलवून मीठ मागितलं. पिठी म्हणाली, "बाबा, गिरणी बंद आहे. तोंडाने बोल ना." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. तिला नवं नवं सगळं तोंडाने हवं होतं. त्याने उठून मीठ घेतलं.

सुगीची रीघ ओसरली. एके दिवशी दुपार कलताना लाईट गेली, पट्टा फडफडत थांबला, दगड थांबले. पूर्वी गिरणी थांबली की सगळं कसं शांत व्हायचं असं त्याला वाटायचं. आता त्याला माहीत होतं की ते शांत नसतं. तो हातावरचं पीठ झटकत दारात आला. ओट्यावर पोरींचा घोळका होता. पिठी त्याच्याकडे पाठ करून बसली होती, मांडीवर कुणाचा तरी सदरा, दातांत दोरा.

"पिठे!" त्याने हाक मारली.

तिने मान वर केली नाही. सुई चालूच.

"पिठे, चल गं! चूल पेटव."

काही नाही. शेजारच्या पोरीने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. कान पुन्हा पिकले की काय? थेंब घातले नसतील. पुन्हा बहिरी झाली असेल पोर. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटातून ओरडला. गल्लीतली दारं उघडली. वरच्या अंगाला धुणं वाळत घालणारी बाई कठड्यावरून वाकली.

शिंपीणबाई मशीन थांबवून उठली, ओट्याच्या कडेला आली आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "अहो, आग लागली की काय? कितीदा ओरडाल? पोर मघापासून ओ देतेय. आले म्हणाली, टाका घालून आले म्हणाली, तिसऱ्यांदा तर वैतागून म्हणाली."

"हो, हो," गिरणीवाला म्हणाला. "ऐकलं मी."

"मग?"

तो दारात उभा राहिला. सगळी गल्ली बघत होती. पिठीने दातांनी दोरा तोडला, सुई सदऱ्यात खोचली आणि ती वळली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिचा वैताग मावळला आणि चेहरा मोठ्या माणसासारखा झाला. ती ओट्यावरून उतरली, रस्ता ओलांडून त्याच्या अगदी समोर आली, त्याने बघावं म्हणून थांबली, आणि एकेक अक्षर सुटं करून, तोंड मोठं उघडून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं म्हणाली,

"आ… ले… बा… बा."

मागच्या पोरी हसल्या असाव्यात, त्यांची तोंडं हलताना त्याला दिसली. गिरणीवालाही हसला. मग तो आत गेला आणि झाडू घेऊन खाली सांडलेलं पीठ लोटायला लागला.